दुसऱ्या पुस्तकाचा फर्मा

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू कपाळाला आठी घातली असशील. घाल. पण पाकीट फाडलंयस म्हणजे वाचणार आहेस, आणि फाडलं नसशील तर हे वाक्य तुझ्यापर्यंत पोचतच नाही, तेव्हा दोन्हीकडून माझंच खरं.

पत्रास विशेष कारण नाही. बाइंडिंगचं दुकान चालू आहे. कटिंग मशीन अजून तसंच गुरगुरतं, खळीचा वास अजून पडद्यांना येतो, आणि तुझी शिवणाची चौकट अजून त्याच खिळ्याला टांगलेली आहे. मी ती वापरत नाही. काढतही नाही. शेजारचा कुलूपवाला तुझी चौकशी करतो. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे मी काय उत्तर देते त्यानं काही बिघडत नाही.

तब्येतीचं म्हणशील तर थोडी कुरकुर आहे. मूत्राशयात गाठ आहे, कॅन्सरची. हे मधेच घुसवलं, कारण सुरुवातीला लिहिलं असतं तर तू पुढचं धड वाचलं नसतंस, आणि शेवटी लिहिलं असतं तर म्हणाली असतीस की थोरली जन्माची नाटकी.

मागच्या वर्षी लघवीला लाल झालं. काही दिवस मी पुठ्ठ्यावर चढवायच्या लाल कापडाला दोष देत बसले. मग दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. ती परत आली, आणि येताना पोटातल्या दोन ग्रंथींमधे बिऱ्हाडही थाटून बसली. मग सलाइनमधून औषधं झाली. त्यात माझे केस गेले, डोकं नव्या पुठ्ठ्यासारखं गुळगुळीत झालं, आणि गाठ होती तिथेच पाय पसरून राहिली.

आता मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीण भेटलीय. वयानं इतकी लहान, की पहिल्या दिवशी मी तिलाच विचारलं, बाळ, डॉक्टर कधी येतील? ती म्हणाली, आल्यात, तुमच्यासमोर बसल्यात. तेव्हापासून आमचं जमलं. तिच्याकडे एक नवा उपचार आहे, अजून थोड्याच लोकांवर करून बघितलेला. तो मिळायला दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक, माझ्या गाठीत एक ठरावीक खूण सापडली पाहिजे. काढलेला तुकडा त्यासाठी तपासायला गेलाय. दुसरी गोष्ट किरकोळ आहे, ती मागाहून सांगेन. दोन्ही जमल्या तर उपचार. एक जरी हुकली तर डॉक्टरीण म्हणते, "मग त्रास कमीत कमी कसा होईल ते आपण बघू." या वाक्याचा अर्थ कळायला मला शब्दकोश काढावा लागला नाही.

तुला ठाऊक आहे, मी शिकले ती बांधायला आलेल्या फर्म्यांवर, छापील कागदाच्या त्या सुट्या घड्यांवर. सोळा पानं वाचून होईतो पुढची सोळा कुठल्या तरी दुसऱ्याच टेबलावर गेलेली असायची. म्हणून मला अनेक विषय अर्धे येतात. वैद्यकाचं ते जाडजूड पुस्तक आठवतं? मी मूत्रपिंडापर्यंत आले होते आणि पुढचे फर्मे तू शिवून टाकलेस. मूत्राशय त्यातच होतं. म्हणजे माझ्या अज्ञानातही थोडा हात तुझा आहे.

कवितेच्या पुस्तकाचा विषय मी काढणार नाही. एवढंच म्हणते, की त्या दिवशी जुळणी तू केली होतीस.

तुझी,
थोरली

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं उत्तर आलं नाही. पण माझं पत्रही परत आलं नाही, तेव्हा मी ते उत्तरच धरते.

खूण सापडली! हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी हसणार आहे आणि अक्षर हलणार आहे.

डॉक्टरणीनं समोर बसवून समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत म्हणे पुस्तक अख्खं असतं, सगळ्या शरीराचं. डोळ्याच्या पेशीत नखांची पानं असतात आणि नखाच्या पेशीत काळजाची. पण जी ती पेशी आपल्या कामापुरती पानं उघडते, बाकीची मिटलेली. पान उघडून वाचलं गेलं की हे लोक म्हणतात, जनुक व्यक्त झालं. बघ बारके, आपल्या घराण्यात कधी कुणी व्यक्त झालं नाही, आणि इथे जनुकं होतात.

त्यातली काही पानं अशी, की मोठेपणी ती जवळजवळ एकाच ठिकाणी उघडी असतात. ते ठिकाण सांगताना पोरगी अडखळली. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी म्हटलं, बाळ, माझं वय बघ आणि सांगून टाक. तर म्हणाली, पुरुषांच्या वृषणात.

कळलं का तुला? माझ्या गाठीनं पुरुषाच्या वृषणातलं पान उघडून वाचायला घेतलंय. मी जन्मभर लग्न केलं नाही, आणि माझ्या मूत्राशयात हे चाललंय! तिला वाटलं मला धक्का बसेल. मी इतकी हसले की वॉर्डातला ब्रदर पाणी घेऊन धावत आला. त्याला काय झालं ते सांगायची डॉक्टरणीला सोय नाही, मला हसण्यातून सवड नाही, तो बिचारा दोघींकडे बघत पेला धरून उभा.

मग मी तिला म्हटलं, हे मला चांगलं समजलं. हा दुसऱ्या पुस्तकाचा फर्मा आहे. आणि मग आपली गोष्ट सांगावीच लागली. रागावू नकोस, नाव घेतलं नाही, नुसतं बहीण म्हटलं.

सांगितलं, की प्रेमकवितांचं एक पुस्तक आणि गुरांच्या आजारांवरचं एक पुस्तक आमच्याकडे एकाच वेळी बांधायला आली. आकार तोच, कागद तोच. फर्मे ओळीनं लावायची जुळणी झाली, शिवण झाली, पुठ्ठे चढले, कवी आनंदानं गठ्ठे घेऊन गेला. आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला. "तू दाराशी येशील तेव्हा मी" इथपर्यंत कविता, आणि पान उलटलं की "प्रथम खूर कोमट पाण्याने स्वच्छ धुवावा". सगळ्या आवृत्तीत. कवीच्या तोंडून शब्द फुटेना, आणि कवीच्या तोंडून शब्द न फुटणं किती भयंकर असतं ते आपण दोघींनी पाहिलंय. डॉक्टरणीनं विचारलं, मग चूक कुणाची होती? मी म्हटलं, तिथेच तर सगळं अडलंय. बहीण म्हणाली थोरलीची, मी म्हटलं बारकीची, आणि त्या संध्याकाळी तिनं पेटी भरली. पोरीनं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, एवढ्यावरून? मी म्हटलं, तू बाइंडर नाहीस.

मी तिला पुस्तकाच्या पाठीवरच्या खुणांबद्दलही सांगितलं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर छापलेली ती लहानशी काळी खूण, फर्मे रचले की पायऱ्यांसारखी उतरत जाणारी. एखादा फर्मा चुकला की पायरी मोडते, लांबूनही दिसते; त्या दिवशी मात्र दोन्ही पुस्तकांची खूण एकाच पायरीवर होती, म्हणून फसलो. ती म्हणाली, अगदी तसंच. शरीरात रखवालदार पेशी असतात, टी पेशी म्हणतात त्यांना. प्रत्येक पेशी आत जे वाचतेय त्याचे तुकडे बाहेर खिडकीत लावून ठेवते, आणि हे रखवालदार खिडक्या बघत गस्त घालतात. माझे रखवालदार त्या खिडकीपुढून सरळ निघून गेले. आता माझ्या रक्तातून थोडे काढून घेणार, ही एक खूण ओळखायला शिकवणार आणि परत अंगात सोडणार. प्रत्येकाच्या खिडकीची घडण वेगळी असते म्हणे. या उपचाराला जी लागते ती माझी निघाली. मी विचारलं, म्हणजे त्यांना वाचायला शिकवणार? ती म्हणाली, वाचायला नाही, फक्त ओळखायला. मी लगेच शहाणपणा केला, की मग त्यांची चूक होणारच नाही. तर म्हणाली, होऊ शकते, म्हणूनच आम्ही डोळ्यात तेल घालून बसतो.

हे पान माझ्या अंगात दुसरीकडे कुठेही उघडं नाही, म्हणून नेम बरोबर लागायची आशा. पुरुष रोग्यांच्या त्या जागेला खिडक्याच नसतात, म्हणून त्यांनाही धक्का लागत नाही असं तिनं मला मन लावून समजावलं. मी म्हटलं, माझ्यापुरती ती काळजी सोडून दे.

तर पहिली गोष्ट जमली. दुसरी अजून राहिलीय. आज नको, हात दुखला.

तुझी,
थोरली

ता.क. कुलूपवाल्याला खुणेची बातमी सांगितली. त्यानं माझं अभिनंदन केलं आणि मुलगा की मुलगी विचारलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं कार्ड आलं. पाठपोट नसून एकाच बाजूला, आणि तिथेही दोनच ओळी. "खळीत मोरचूद घालतेस ना अजून? नाहीतर कसर लागेल. आणि जुळणी तू केली होतीस."

मी ते कार्ड कटिंग मशीनवर चिकटवलंय. मोरचूद घालते. जुळणी तू केली होतीस.

आता दुसरी गोष्ट. मी तिला किरकोळ म्हटलं ते जरा हात आखडून लिहिलं होतं.

त्या शिकवलेल्या पेशी अंगात सोडल्या की ताप येतो. यावाच लागतो, त्यांनी काम सुरू केल्याची ती निशाणी. पण कधी कधी त्या गोंधळात डोकंही बिघडतं. एकदम नाही. आधी एखादा शब्द निसटतो, अक्षर तिरकं जातं, माणूस जरासा वेगळा बोलतो. ते वेळेवर ओळखलं तर औषध आहे. उशीर झाला तर फार वाईट होऊ शकतं. नर्सा पाळीनं बदलतात, त्या रोगी ओळखतात, माणूस ओळखत नाहीत. म्हणून यांचा नियम असा, की पहिले काही आठवडे रोग्याजवळ त्याचं स्वतःचं कुणीतरी राहिलंच पाहिजे. तसं कुणी नसेल तर उपचार नाही. डॉक्टरीण म्हणाली, "तुम्ही नेहमी कशा बोलता हे ज्याला माहीत आहे, असं कुणीतरी."

तुला ठाऊक आहे मी कशी बोलते. ठणठणीत असतानासुद्धा अनोळखी माणसाला वाटतं, हिला आत्ताच झटका आला असावा.

आधी मी कुलूपवाल्याला नेलं. तो भला माणूस, दुकान बंद ठेवायला तयार झाला. डॉक्टरणीनं त्याला विचारलं, यांच्या बोलण्यात फरक पडला तर तुम्हाला कळेल का? तो म्हणाला, का नाही. म्हणून मी मुद्दाम त्याच्याकडे वळून म्हटलं, काल मी गच्चीवर घोडा बांधला होता. तो म्हणाला, हो, पाहिला मी, छान आहे. डॉक्टरणीनं त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

तर आता खरं सांगते. तुला पहिलं पत्र टाकायच्या आदल्या दिवशी मी तिला तुझं नाव देऊन बसले होते. "बहीण येईल" असं ठणकावून सांगितलं. तिनं विचारलं, त्यांच्याशी बोललात का? मी म्हटलं, पत्रव्यवहार चालू आहे. तेव्हा एकही पत्र गेलेलं नव्हतं. त्यानंतर दर भेटीत ती विचारते आणि मी दर वेळी म्हणते, चालू आहे, चालू आहे. परवा ती म्हणाली, "आजी, पुढच्या आठवड्यात मला नक्की सांगा. नाहीतर ही जागा दुसऱ्या रोग्याला द्यावी लागेल."

मी तुला ये म्हणत नाहीये. तुझी लायब्ररी आहे, तिथली फाटकी पुस्तकं तुझ्यावाचून तशीच पडतील. तुझा गुडघा आहे. तुझा राग आहे, तो तर सगळ्यात जुना आणि त्याची निगा तूच राखतेस. नाही म्हणालीस तर मी समजून घेईन आणि दुसरी बहीण शोधीन.

फक्त एवढं, की मी वेड्यासारखं बोलू लागले तर ते नेहमीचं वेड आहे की नवं, हे ओळखणारं जगात एकच माणूस आहे, आणि ते माणूस माझ्याशी बोलत नाही.

तुझी,
थोरली

बुधवार, १२ मार्च

प्रिय बारके,

तू मला फोन केला नाहीस. डॉक्टरणीला केलास. वा!

मला तिनंच सांगितलं. तू म्हणे तिला अर्धा तास उभं-आडवं घेतलंस. पेशी कुठल्या प्रयोगशाळेत शिकतात, तिथे रोग्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून काय करतात, पिशवीवरची चिठ्ठी कोण तपासतो, आणि तपासणारा एकटाच असतो की दोघं. ती म्हणाली, इतके प्रश्न आम्हाला मोठ्या समितीनंसुद्धा विचारले नाहीत. मी म्हटलं, तिचा पूर्वी एकदा फर्मा चुकलाय. हे मी तुला सांगायला नको होतं, पण लिहून झालं.

तर येणार म्हणालीस. मी दुकानात एकटीच होते, कुणी पाहिलं नाही, म्हणून मी काय केलं ते लिहीत नाही.

कालच माझं रक्त घेतलं. एका हातातून नळीनं बाहेर, यंत्रात फिरून, दुसऱ्या हातातून परत आत. हवे तेवढे रखवालदार यंत्रानं ठेवून घेतले. कित्येक तास हात हलवायचा नाही आणि नाक मात्र नेमकं तेव्हाच खाजतं. शेवटी ब्रदरनं खाजवून दिलं. आता पेशी शाळेत गेल्यात. त्या शिकून येईपर्यंत एप्रिल उजाडेल.

येताना स्वतःची उशी आण. इथल्या उशा म्हणजे रिकाम्या खोळी. आणि आधीच ठरवून टाकू, कवितेच्या पुस्तकावर बोलायचं नाही. एक शब्दही नाही. तू काढलास तर मी काढीन.

तुझी,
थोरली

हॉस्पिटलातल्या चिठ्ठ्या

(ब्रदर रोज तपासणी घेतो. तारीख विचारतो, जागा विचारतो, तीन वस्तूंची नावं, शंभरापासून दहा-दहानं उलटं मोजणं, आणि शेवटी एक वाक्य मनानं लिहायचं. बारके, तू माझ्या पत्रांबरोबर या चिठ्ठ्याही जपून ठेवल्यास आणि मागाहून मला दिल्यास, म्हणून त्या इथे पत्रांच्या मधे चिकटवता येतायत. नाहीतर माझ्या भरवशावर मधली पानं कोरीच गेली असती.)

२१ एप्रिल
पेशी आल्या, एवढीशी पिशवी, आणि तिच्यापायी खोलीभर लसणासारखा वास.

२२ एप्रिल
बारकीनं आणलेली उशी विटेसारखी आहे, आणि ती म्हणते की डोक्याला शोभेलशीच आणली.

२३ एप्रिल
ताप आला, म्हणजे शाळा सुटून पोरं कामाला लागली. बारकी कवितेचं ते पुस्तक घेऊन आलीय आणि त्यातली फक्त खुराची पानं मोठ्यानं वाचते.

२४ एप्रिल, सकाळ
बारकीच्या हातची जुळणी माझ्यापेक्षा सफाईदार आहे.

२४ एप्रिल, दुपार
खिडकीत फर्मा घोडा कुणाचा पायरी पायरी

२९ एप्रिल
माझं नाव मला पाठ आहे, पण ब्रदर रोज विचारतो, तेव्हा त्याच्याच लक्षात राहत नसावं.

बुधवार, २८ मे

प्रिय बारके,

तू गेल्यावर खोली मोठी झाली. उशी विसरून गेलीस की ठेवून गेलीस? मी ठेवलीस असं धरते.

काल तपासणीला गेले होते तेव्हा ब्रदर भेटला. त्यानं मला चोवीस तारखेची सगळी हकिगत सांगितली. महिनाभर माझ्याजवळ राहून तू त्यातलं अक्षर काढलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, "ताप होता, उतरला, झोप आता."

त्यानं सांगितलं, त्या सकाळी मी सगळ्या परीक्षेत पास झाले होते. तारीख बरोबर, जागा बरोबर, उलटं मोजणं खाड्खाड् झालं. वाक्यही लिहिलं, आणि अक्षर तर छापल्यासारखं. त्यानं पूर्ण गुण दिले आणि जायला निघाला. तू ती चिठ्ठी हातात घेतलीस. वाचलीस. पुन्हा वाचलीस. आणि म्हणालीस, "डॉक्टरांना बोलवा. हिचं डोकं बिघडलंय."

तो म्हणाला, "अहो, किती चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल."

तू म्हणालीस, "म्हणूनच."

त्यानं समजूत काढायला बघितलं, की तापात माणूस हळवं होतं. तू दार अडवून उभी राहिलीस. म्हणे म्हणालीस, "ही माझी बहीण आहे. ही मरेल, पण हे लिहिणार नाही. तुम्ही बोलावता की मी ओरडू?" तुझा आवाज ऐकून त्यानं बोलावणंच सोयीचं मानलं. डॉक्टरीण आली, तिनं मला काही विचारलं, मी म्हणे हसून उत्तर दिलं की मशीनला चारा घाला. दुपारपर्यंत मला माझं नाव येईना. पण औषध तोवर नसेत शिरलेलं होतं. डॉक्टरीण काल मला म्हणाली, की ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि इतक्या लवकर, इतक्या सुंदर अक्षरावरून, तिनं कधी कुणाचं पकडलेलं पाहिलं नाही.

म्हणजे सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या बारके. एकच पायरी मोडलेली होती, आणि ती तुला दिसली.

आता नीट ऐक. त्या चिठ्ठीचा तू गैरफायदा घेऊ नयेस म्हणून लिहिते. तापातलं लिहिणं धरायचं नसतं. तो आजार होता, वैद्यकीय कागदांवर तसं लिहिलेलं आहे. तू जाताना ती चिठ्ठी पर्समधे घातलीस ते मी डोळे मिटून पडले होते तरी पाहिलं. चौकट करून लायब्ररीत लावलीस तर मी येऊन काढीन.

दुकान पुन्हा उघडलंय. थोडं थोडं बसते. तू तुझी चौकट खिळ्यावरून उतरवून टेबलावर लावून गेलीस, दोराही ओवलेला. कुलूपवाला म्हणाला, बहीण छान आहे तुमची, घोड्यासारखी. मी दुरुस्त केलं नाही.

पोटाचा फोटो पुढच्या महिन्यात. त्यावर काय दिसतं ते दिसेल. मला रात्री झोप लागते, तुलाही लागू दे.

तुझी,
थोरली

मंगळवार, २४ जून

प्रिय बारके,

फोटो झाला.

डॉक्टरणीनं दोन चित्रं शेजारीशेजारी लावली, फेब्रुवारीतलं आणि आत्ताचं. मला काळ्या-करड्यातलं काही कळेना, म्हणून मी चित्रं सोडून तिचं तोंड वाचत बसले. ती आधी जुन्याकडे बघे, मग नव्याकडे, मग पेनाचं टोपण लावी, काढी. मी म्हटलं, बाळ, आता पुन्हा वृषणाचं काही असेल तर सरळ सांग. तेव्हा ती हसली. ग्रंथींमधलं बिऱ्हाड उठलंय. दोन्ही जागा रिकाम्या. मूत्राशयातली गाठ आहे, पण आक्रसून खडूच्या तुकड्याएवढी झालीय, आणि तीही म्हणे शेवटचं सामान आवरतेय की काय ते पुढच्या फोटोत कळेल. ती सावध आहे. म्हणाली, "बरं झालंय असं मी म्हणणार नाही. चांगलं चाललंय असं म्हणते." मी म्हटलं, माझ्या वयाला चांगलं चालणं पुष्कळ झालं.

काही रखवालदार अजून रक्तात फिरतायत. खूण विसरलेले नाहीत. आपल्यासारखेच दीर्घद्वेषी दिसतात.

कालच एक काम आलं. कवीचा मुलगा आला होता, आपल्या त्या कवीचा. बापाच्या पुस्तकाच्या जुन्या प्रती लोक शोधत असतात म्हणाला, खुराच्या पानांसकट. कवी म्हातारपणी समारंभात कविता वाचायचा तेव्हा मधे थांबून "प्रथम खूर कोमट पाण्याने" एवढं म्हणायचा, आणि सभागृह हसून लोळायचं. त्याला आता नवी आवृत्ती बांधून हवीय. तो फर्मा घालून. मुद्दाम. मी म्हटलं, घालू, पण जुळणीला माझी बहीण लागेल. तो म्हणाला, तुम्हाला येत नाही का? मी म्हटलं, येते.

म्हणून हे पत्र. आणि तू म्हणशील, आता हिला पुन्हा ताप चढला. तेव्हा आधीच माझी तपासणी मीच घेते, कुलूपवाल्याला साक्षीला बसवलंय.

आज मंगळवार, चोवीस जून. मी दुकानात आहे, खिडकीपाशी. समोरच्या तीन वस्तू: कात्री, खळीचा डबा, तुझी चौकट. शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ, पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. थर्मामीटर लावून पाहिलं, अंगात ताप नाही. अक्षर तुझ्यासमोर आहे, नेहमीसारखंच वाईट.

आता वाक्य. बारकीच्या हातची जुळणी माझ्यापेक्षा सफाईदार आहे.

डॉक्टरांना बोलवू नकोस. तू ये.

तुझी,
थोरली